अलार्म वाजायच्या आधीचा माणूस

रिझल्टचा दिवस आठवा. दुपारी एकला लिंक सुरू होणार म्हणून तुम्ही पाऊणलाच सीट नंबर टाकून बसलेले. एक वाजला, तुम्ही बटण दाबलं आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. मग काय केलंत? तेच, जे मीही केलं. रिफ्रेश. परत रिफ्रेश. एकदा मोबाइलवरून, एकदा लॅपटॉपवरून, एकदा आईच्या फोनवरून. बाबा दर दोन मिनिटांनी दारात येऊन लागला का, लागला का विचारतायत. शेवटी साइट बसली असं जाहीर करून आपण कुणाला तरी मनसोक्त शिव्या घातल्या.

आता हाच सीन पलीकडच्या बाजूनं बघू या.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, एका मोबाइल कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. भिंतभर स्क्रीन, आणि कुठं काही बिघडलं की लाल पट्टी आणि अलार्म. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले असताना एका रात्री अडीचच्या सुमारास तो अलार्म वाजला. ग्राहकांच्या डेटाबेसचा एक सर्व्हर पडला होता. हा डेटाबेस म्हणजे एक भलीमोठी वही समजा. तुम्ही कॉल लावता तेव्हा पलीकडे रिंग वाजायच्या आधी नेटवर्क या वहीत बघतं, की हा नंबर चालू आहे का, आणि समोरचा फोन आत्ता कुठल्या भागात आहे. ही वही उघडली नाही, तर गावातले सगळे टॉवर ठणठणीत असूनही फोन लागत नाही.

दादाचा हात लगेच रीस्टार्टकडे गेला. त्याच्या सीनियरनं त्याला थांबवलं. आधी बघ, म्हणाले, जे सर्व्हर उभे आहेत त्यांच्या अंगावर किती भार आलाय. शेजारच्या स्क्रीनवर कॉलच्या भाराचा आकडा होता आणि त्यापुढं त्याचं एकक लिहिलेलं होतं, एरलांग.

दादानं हा किस्सा सांगितला तेव्हा मी विचारलं, एरलांग म्हणजे काय? युनिट आहे गं, व्होल्टसारखं, असं त्याचं उत्तर. पण व्होल्टमागं व्होल्टा नावाचा माणूस आहे, वॅटमागं जेम्स वॅट आहे. मग एरलांगमागं कोण? इंजिनिअरिंगच्या पेपरात हे एकक वापरून गणितं सोडवलेल्या दादाला ते माहीत नव्हतं. मी तर पडले मास कॉमवाली. शोधायला बसले, आणि मला एक गणिताचे मास्तर सापडले. त्यांचीच ही गोष्ट.

उलटं पुस्तक वाचणारा पोरगा

आग्नर क्रारूप एरलांगचा जन्म 1 जानेवारी 1878 चा, डेन्मार्कमधल्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या छोट्या गावातला. वडील हान्स गावच्या शाळेत मास्तर, शिवाय चर्चचं कारकुनी काम बघणारे. आई माग्डालेन धर्मोपदेशकांच्या घराण्यातली. तिच्या पूर्वजांपैकी एक थॉमस फिंके. दहावीत ज्या टॅन्जंटनं आपल्याला छळलं, तो शब्द गणितात रूढ करणारा हाच फिंके. म्हणजे गणित घराण्यातच होतं म्हणा ना.

आग्नरला एक मोठा भाऊ, फ्रेडरिक, आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी दोघा भावांना एकच पुस्तक वाचायचं असे. फ्रेडरिक पुस्तक सरळ धरून वाचायचा आणि आग्नर टेबलाच्या पलीकडे बसून तेच पान उलटं वाचायचा. कुरकुर नाही, भांडण नाही. एकाच गोष्टीवर दोघांचा हक्क असेल तर ती वाटून कशी घ्यायची, हा प्रश्न त्याला पुढं आयुष्यभर पुरला.

आजोबांमुळं त्याला आकाशाचं वेड लागलं. ग्रहताऱ्यांवर तो कविताही करायचा. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा द्यायला गेला. वय कमी पडत होतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षेत तो उत्तम गुणांनी पास झाला आणि गावी परत येऊन दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मदतनीस म्हणून शिकवू लागला. त्याच काळात फ्रेंच आणि लॅटिन शिकला. मग दोन वर्षं हिलरॉड गावच्या शाळेत शिकून 1896 मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. घरची परिस्थिती बेताची होती, पण स्कॉलरशिप मिळाली. 1901 मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन तो पदवीधर झाला. जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र.

हातात खडू, डोक्यात संशोधन

इथं कहाणी तुमच्या-माझ्या ओळखीची होते. डिग्री हातात, डोक्यात संशोधन आणि पोटापाण्यासाठी नोकरी. पुढची सात वर्षं एरलांगनं वेगवेगळ्या शाळांत शिकवलं. शिकवायचा चांगलं, पण स्वभावानं अबोल. गप्पांच्या घोळक्यात तो ऐकणाऱ्यांपैकी एक असायचा, बोलायचा तेही मोजकं. शाळा सुटल्यावर त्याचा अभ्यास चालूच होता. विद्यापीठाच्या एका गणित स्पर्धेसाठी लिहिलेल्या निबंधाची 1904 मध्ये दखलही घेतली गेली.

डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांना तो नेमानं जायचा. तिथं त्याला योहान येन्सन भेटला. गणित किंवा डेटा सायन्सवाल्यांनो, येन्सनची असमानता शिकलायत ना? तोच हा. गंमत म्हणजे येन्सन प्राध्यापक नव्हताच. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत तो मुख्य इंजिनिअर होता आणि गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. कंपनीचे संचालक योहान्सन हेही वेगळ्याच डोक्याचे होते. फोन लागायला लोकांना किती थांबावं लागतं, हे संभाव्यतेच्या गणितानं मांडता येईल असं त्यांना वाटत होतं. येन्सननं दोघांची गाठ घालून दिली आणि 1908 मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी एरलांग टेलिफोन कंपनीत रुजू झाला.

गणिताचा स्कॉलर टेलिफोन कंपनीत? तेव्हा अनेकांना हे विचित्रच वाटलं असणार. आजही कँपस प्लेसमेंटला कुणी असं काही केलं की आपण भुवया उंचावतोच.

शिडी, मॅनहोल आणि बोर्डाच्या लाइनी

तेव्हाचा फोन कसा लागायचा ते आधी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रिसीव्हर उचलायचा, एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसलेली ऑपरेटर बाई उत्तर देणार, तुम्ही कोण हवंय ते सांगायचं आणि ती वायर हव्या त्या भोकात खुपसणार. आता समजा एका गावाच्या एक्स्चेंजमधून बाहेर जाणाऱ्या लाइनी मोजक्याच आहेत. सगळ्या लाइनींवर कुणी ना कुणी बोलतंय आणि तेवढ्यात तुम्ही फोन उचलला. तुम्ही लटकलात.

मग लाइनी वाढवायच्या. पण किती? कमी टाकल्या तर लोक चिडणार. जास्त टाकल्या तर महागडी तांब्याची तार जमिनीत नुसती पडून राहणार. आणि लोक फोन कधी करतात याला काही नियम आहे का? कुणाला आजीची आठवण येते, कुणाचं गिऱ्हाईक येतं, कुणाच्या घरी पोर आजारी पडतं. कुणीही कुणाला विचारून फोन करत नाही.

एरलांगनं नेमकं हेच टोक धरलं. 1909 मध्ये त्यानं पहिला महत्त्वाचा निबंध छापला. कुणीही कुणाला न विचारता, आपापल्या मर्जीनं फोन करत असेल, तर तासाला येणाऱ्या फोनची संख्या पॉइसाँ वितरणाच्या नियमानं चालते, असं त्यानं दाखवलं. एक माणूस केव्हा फोन करेल ते सांगता येत नाही, पण हजार माणसांच्या गर्दीला एक आकार असतो. आणि आकार असेल तर हिशेब करता येतो.

पण हा नुसता कागदावरचा पंडित नव्हता. प्रयोगशाळेच्या कामासाठी त्याला घेतलं खरं, पण सुरुवातीला हाताखाली मदतनीसच नव्हते. जमिनीखालच्या केबलींतल्या भटक्या विद्युतप्रवाहाची मोजमापं त्याला स्वतःलाच करावी लागत. मागं शिडी घेतलेला एक कामगार, आणि पुढं एरलांग. रस्त्यातलं झाकण उघडायचं, शिडी लावायची आणि मॅनहोलमध्ये उतरायचं. कोपनहेगनच्या रस्त्यांवर लोकांनी हे दृश्य अनेकदा बघितलं. तक्रार कुठून येते हे बघायला जमिनीखाली जाणारा माणूस होता तो.

किती जणांना नाही म्हणायचं?

1917 मध्ये त्याचा सगळ्यात गाजलेला निबंध आला. त्यातली सूत्रं आज इंजिनिअरिंगची पोरं एरलांग बी आणि एरलांग सी म्हणून शिकतात. घाबरू नका, सूत्र लिहीत नाही. हिशेब मात्र बघू या, कारण खरी मजा त्यात आहे.

समजा एका हॉस्टेलमधून तासाला 100 फोन होतात आणि प्रत्येक सरासरी 3 मिनिटं चालतो. एकूण 300 मिनिटं, म्हणजे 5 तासांचं बोलणं एका तासात. हा भार झाला 5 एरलांग. साधा विचार केला तर 5 लाइनी पुरायला हव्यात ना? एरलांगचं सूत्र सांगतं की 5 लाइनी ठेवल्या तर 100 पैकी जवळपास 28 फोन लागणारच नाहीत. कारण फोन रांगेत शिस्तीनं येत नाहीत, कधी एकदम गर्दी होते तर कधी थोडा वेळ एकही नाही. शंभरात एकापेक्षा कमी माणूस परत जावा असं वाटत असेल, तर 11 लाइनी लागतात.

आता दुसरी गंमत. हॉस्टेल दहापट मोठं झालं, भार 50 एरलांग. लाइनी 110 लागतील? नाही, तेवढ्याच दर्जासाठी 64 पुरतात. दहा छोट्या गल्ल्यांपेक्षा सगळ्यांना मिळून एकच रुंद रस्ता जास्त कामाचा. टेबलाच्या दोन बाजूंनी एकच पुस्तक वाचणारे ते दोघे भाऊ आठवतात का?

आणि तिसरी गोष्ट, जी थेट दादाच्या अलार्मपर्यंत येते. मगाचच्या हॉस्टेलला 10 लाइनी दिल्या तर शंभरात साधारण 2 फोन हुकतात. त्यातली एक लाइन बंद पडली, तर हुकणारे फोन होतात जवळपास 4. दहातली एकच गेली, म्हणजे सेवा दहा टक्क्यांनी बिघडली असं आपण धरतो. प्रत्यक्षात परत पाठवलेली माणसं दुप्पट होतात.

रांगेचा हिशेब तर आणखी कडक आहे. एकच खिडकी असेल आणि ती निम्मा वेळ कामात असेल, तर तुमचं काम सरासरी मूळ वेळेच्या दुप्पट वेळात होतं. खिडकी 90 टक्के वेळ कामात असेल तर दहापट. 95 टक्के झाली तर वीसपट. म्हणूनच दुपारपर्यंत झकास चालणारा सर्व्हर थोडीशी गर्दी वाढताच अचानक आडवा होतो. तो अचानक नसतो, हिशेबातच असतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडला तो एरलांगचा प्रामाणिकपणा. एकही फोन हुकणार नाही, असं आश्वासन तो देत नाही. शून्य चूक हवी असेल तर लाइनींना अंतच नाही. तो कंपनीला विचारायला लावतो, की तुम्ही शंभरातल्या किती जणांना नाही म्हणायला तयार आहात? तो आकडा आधी ठरवा, मग तारा टाका. अलार्म वाजल्यावर शोधायचं उत्तर तो अलार्म वाजायच्या आधीच मागतो.

त्याचं लेखन अगदी आटोपशीर असायचं, कधीकधी तर तो सिद्धताही गाळायचा, त्यामुळं ते समजणं सोपं नव्हतं. तरी ब्रिटिश पोस्ट खात्यानं त्याच्या सूत्रावर आपल्या लाइनींचे हिशेब बसवले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला एक संशोधक तर एरलांगचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकला.

सूत्रात न बसणारा माणूस

एक गोष्ट मात्र एरलांगच्या सूत्रानं धरलेली नाही. ज्याचा फोन लागला नाही तो माणूस गुपचूप निघून जातो, असं एरलांग बी मानतं. पण आपण जातो का? आपण रिफ्रेश मारतो. एकाचे दहा होतो. आणि आपले फोन तर आपल्यापेक्षा उतावीळ. नेटवर्क तुटलं की प्रत्येक हँडसेट आपणहून पुन्हा पुन्हा नोंदणीसाठी दार ठोठावत राहतो.

जुलै 2022 मध्ये जपानमधल्या केडीडीआय या कंपनीत हेच झालं. रात्री देखभालीच्या कामात एक राउटर बदलताना गडबड झाली. फोननी नोंदणीसाठी एकदम गर्दी केली, कॉल जोडणारी यंत्रणा गुदमरली आणि ग्राहकांच्या डेटाबेसमधल्या नोंदींचाही मेळ बसेना. कोट्यवधी लोकांना दोन दिवसांहून जास्त काळ त्रास झाला. पोलिस आणि अँब्युलन्सचे फोनही लागेनात. मूळ बिघाड छोटा होता, पण त्यामागून उसळलेली गर्दी आवरायला दिवस लागले. येणाऱ्या मागण्यांना मुद्दाम लगाम घालावा लागला.

आता दादाच्या सीनियरनं त्याचा हात का धरला ते कळलं? पडलेला सर्व्हर घाईत उठवला असता, तर बाहेर ताटकळलेली सगळी गर्दी एकदम त्याच्या अंगावर आली असती आणि तो पुन्हा झोपला असता. त्यांनी आधी येणाऱ्या मागण्या रोखल्या, उभ्या सर्व्हरवरचा भार उतरू दिला, मग पडलेला उठवला आणि दार थोडं थोडं करत उघडलं. दादा म्हणतो, त्या रात्री अलार्म बंद करण्यापेक्षा बाहेरची रांग सांभाळण्यातच जास्त वेळ गेला.

नाव उरलं, माणूस विसरला

एरलांगनं लग्न केलं नाही. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांची मोठी लायब्ररी जमवली आणि कुणीही काही विचारायला आलं तर समजावून सांगितलं. अडलेनडलेले लोक थेट त्याच्या प्रयोगशाळेत यायचे आणि तो गाजावाजा न करता त्यांना मदत करायचा. त्याच्या हिशेबात काही माणसं परत जायची, त्याच्या दारातून मात्र सहसा कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही.

जवळपास वीस वर्षं त्यानं त्या एकाच कंपनीत काम केलं आणि आजारपणासाठी एक दिवस रजा घेतली नाही. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. 3 फेब्रुवारी 1929 ला गेला. वय फक्त 51.

1946 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं टेलिफोनच्या भाराच्या एककाला एरलांग हे नाव दिलं. पुढं 1986 च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रामिंग भाषा बनवायला घेतली. तिचं नावही एरलांग. तिचा मंत्र असा की बिघाड होणारच, तेव्हा एक तुकडा कोसळला तर बाकीचे चालू राहावेत आणि कोसळलेल्याला उठवायला कुणीतरी नजर ठेवून असावं. या भाषेसोबत आलेल्या डेटाबेसचं नाव आधी अ‍ॅम्नेशिया होतं. साहेबांना ते पटेना, विसरभोळा डेटाबेस कोण घेणार? मग पुढचा अ काढून टाकला आणि उरला म्नेशिया. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच एरलांग भाषेवर उभे राहिले. म्हणजे रात्री दोनला तुम्ही पाठवलेलं ते पोचलास का, हे त्या मास्तरच्या नावाच्या भाषेतून जातं.

एसटीडीच्या जमान्यातल्या आई-बाबांना विचारा. या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत, असं सांगणारी ती बाई त्यांना अजून आठवत असेल. ती बाई किती वेळा बोलणार, हे एका अबोल माणसानं शंभर वर्षांपूर्वी मोजायला शिकवलं होतं.

मी हा लेख लिहून झाल्यावर दादाला फोन केला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा डायल करायला बोट उचललं आणि थांबले. पाच मिनिटांनी लावला, तेव्हा लागला. येत्या रिझल्टला साइट बसली, तर तुम्हीही त्या बटणावरचा अंगठा जरा काढून घ्या. रांगेत तुमच्यामागं कुणीतरी अँब्युलन्ससाठी उभं नसेलही. पण पलीकडे रात्रपाळीला कुणीतरी दादा नक्की बसलेला असतो.